जाताना बारा तास, येताना तेरा

इहीनबाई,

परवा नंदुरबारच्या भाजीबाजारात माझ्या जुन्या शाळेतल्या एक बाई भेटल्या. त्यांचा नातू शिकायला मेलबर्नला निघालाय. "मेलबर्न किती लांब हो?" असं त्यांनी विचारलं आणि मी विचार करायच्या आत माझ्या तोंडून तुमचं उत्तर बाहेर पडलं, "तीन दिन लागतस." त्या बिचाऱ्या घाबरल्या. मग मेथीच्या जुड्या हातात धरून मला खुलासा करावा लागला, की मुंबईहून विमान बारा तासांत पोचतं, अंतर दहा हजार किलोमीटरला थोडं कमी, आणि हे तीन दिवसांचं गणित माझ्या विहीणबाईंचं आहे. "त्या सारंगखेड्याच्या ना? खूप हसवायच्या त्या. कशा आहेत?" त्यांना कळलं नव्हतं.

मी सांगितलं. मग आम्ही दोघी बाजूच्या रसाच्या गाडीवर बसलो आणि मी त्यांना तुमचे किस्से सांगत राहिले. एका किश्शाला त्या इतक्या हसल्या की रस लुगड्यावर सांडला. घरी येताना वाटलं, तुम्हाला जाऊन दीड महिना झाला, येईल त्याला तुमचं सांगून झालं, फक्त तुम्हालाच सांगायचं राहिलंय. म्हणून लिहायला बसले.

तुमचं ते गणित मी कधी मान्य केलं नाही, आजही करत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. अंतर म्हणजे या शहरापासून त्या शहरापर्यंत, आणि वेळ म्हणजे विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत. तुम्ही म्हणायच्या, "मी काय मुंबईमा ऱ्हास का? मन्ही वाट मन्हा उंबरापाइन मोजानी." सारंगखेड्याच्या घरातून निघायचं, नंदुरबारला रेल्वेत बसायचं, मुंबईत भाचीकडे मुक्काम करायचा, मग विमान, मग तिकडे नरेशच्या गाडीतून त्याच्या दारात. हे सगळं धरून तीन दिवस. गल्लीत, शेतात, लग्नाच्या मांडवात, जो विचारेल त्याला तुम्ही हेच सांगायच्या आणि मी शेजारी असले की लगेच दुरुस्ती करायचे. लोकांना वाटायचं, या दोघी बहुतेक वेगवेगळ्या गावांना जाऊन आल्या.

सुरुवातीची वर्षं आठवतात? माझी वैशाली तुमच्या नरेशला दिली, दोघं लग्नानंतर लगेच मेलबर्नला गेले, आणि मागे आपण दोघी राहिलो, एकमेकींना काय बोलायचं ते न कळणाऱ्या. दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचा, संक्रांतीला वाण. भेट झालीच तर तुम्ही मला बघून पदर सावरायच्या आणि मी तुम्हाला बघून शुद्ध बोलायचे. मी मुलीची आई, म्हणून मला तुमचा धाक. मी मास्तरीण, म्हणून तुम्हाला माझा. हे मला पुष्कळ नंतर कळलं, तुम्हीच सांगितलंत म्हणून. तोवर मी समजत होते की तुम्ही मुळातच कमी बोलता. काय हा माझा समज.

वैशालीला दिवस गेले तेव्हा नरेशने बेत मांडला. आधी मामी येतील, म्हणजे मी, आणि त्या परत गेल्या की आई येईल, म्हणजे बाळंतिणीजवळ जास्त दिवस कुणीतरी राहील. हिशेबी पोरगा तुमचा. पण तुम्ही फोनवर त्याला सरळ सांगितलंत, "एकली? माले ते नंदुरबारना ठेसनवर बी फलाट सापडत नही." नरेशने मला फोन केला की मामी, आईची समजूत घाला. आता त्याला काय सांगणार, की त्याच्या मामीने पृथ्वीचा गोल फिरवून शेकडो पोरांना समुद्र दाखवले, पण ती स्वतः कधी विमानात बसलेली नाही आणि तिचीही रात्रीची झोप उडालेली आहे? मी म्हटलं, "नरेशराव, दोघी सोबतच येऊ. वैशालीला दोन आया एका वेळी मिळतील." त्याला वाटलं मी फार मोठ्या मनाची आहे. तुम्हाला मात्र खरं काय ते विमान धावायला लागल्यावर कळलं.

विमान धावत होतं आणि मी डोळे मिटून खुर्चीचे हात धरून बसले होते. तुम्ही माझ्या मुठीवर हात ठेवलात. "मास्तरीनबाई, तुम्हना हात ते बरफ व्हई गयात." चाकं जमिनीवरून सुटली, तुम्ही दोन्ही हातांनी माझा हात चोळत होतात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "आते ते आपण वर शेतस. आते भीसन काय करशात?"

मला आधी हसू आलं, मग ते थांबेना. लग्नानंतरच्या चार वर्षांत आपण जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या दुपारी बोललो. मी अहिराणी बोलायला लागले. तुम्ही म्हणालात, "आते मानूसनागत बोली ऱ्हायन्यात." जेवण आलं तेव्हा मला घास गिळवेना, तर तुम्ही तुमचं ताट संपवून माझंही संपवलंत आणि वर तो गोड तुकडा कागदात बांधून पिशवीत ठेवलात, सारंगखेड्याला आमच्या व्याह्यांना, दादांना, दाखवायला.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. छोटं विमान, मागे आलेल्या वाटेची रेघ, खाली किती किलोमीटर राहिले आणि किती तास राहिले ते आकडे. मी समजावून सांगितलं, हा भारत संपला, हा हिंदी महासागर, आता कितीतरी तास नुसतं पाणी, आणि मग हा ऑस्ट्रेलियाचा किनारा. "म्हनजे आते खाले बठा समुद्र?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हो, सगळा. तुम्ही बूट काढले, मांडी घालून खुर्चीत बसलात आणि थोड्या वेळाने झोपलात. मी मात्र आकडा कमी होताना बघत जागी राहिले.

मेलबर्नच्या विमानतळावर सामान तपासणारा साहेब आठवतो? मी इंग्रजीची तयारी करून गेले होते. त्याने डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून विचारलं, हे काय, आणि माझं सगळं इंग्रजी जिथल्या तिथे थिजलं. तुम्ही मला बाजूला सारलंत, त्याच्याकडे बघून दोन्ही हातांचा पाळणा केलात, हलवून दाखवलात, मग वैशालीचं पोट किती पुढे आलंय ते दाखवलंत, मग लाडू खाऊन बाई कशी उठून बसते तेही करून दाखवलंत. मागची रांग बघत होती. त्या माणसाने हसत डबा बंद करून तुमच्या हातात दिला. मेथ्यांची पुडी मात्र काढून घेतली. तुम्ही त्याला अहिराणीत सांगितलंत की मेथ्या रात्री भिजत घाल, कंबर दुखत असेल तर बरं वाटतं. रसाच्या गाडीवर त्या बाईंनी रस सांडला तो याच किश्शाला.

ओवीचा जन्म, तिची पहिली आंघोळ, तुमच्या मांडीवर उताणी पडून ओरडणारी ती लालबुंद पोर, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण दोघींनी मिळून तिला शेकलं, तेल लावलं, आणि टोपरं कसं बांधायचं यावरून भांडलोही. वैशाली म्हणायची, "तुम्ही दोघी एवढ्या मैत्रिणी कधी झालात?" तुम्ही सांगायच्या, "समुद्र लागना तव्हय."

आपलं मोठं भांडण लागलं ते परत येताना. जाताना बारा तास लागले होते आणि येतानाच्या तिकिटावर तेरा लिहिले होते. तुम्ही नरेशला विचारलंत, मला विचारलंत, विमानतळावर गणवेशातल्या मुलीलाही विचारायला निघाला होतात. मी सांगितलं, की आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीशी होते, आता तोंडावर येणार, म्हणून तासभर जास्त. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वारा बिरा काही नही. पोरले सोडीसन जाई ऱ्हायनूत, म्हनीसन वाट लांबनी."

"विमानाला कुठे कळतंय, कोण कुणाला सोडून निघालंय?"

"इमानले नही कळत. पन तास मोजी कोन ऱ्हायनं? आपणच ना."

शास्त्र माझ्या बाजूचं होतं आणि अजूनही आहे. पण विमान उडालं तेव्हा तुम्ही तोंड वळवून बसला होतात आणि मी तुमचा हात चोळत होते, एवढं खरं.

त्याच विमानात तो मुलगा होता. तुमच्या पलीकडच्या खुर्चीवर. तीस-बत्तीसचा असेल, चांगल्या कपड्यांतला, दाढी वाढलेली. जेवण आलं तर त्याने झाकणही उघडलं नाही. नुसता समोरच्या पडद्यावरच्या त्या छोट्या विमानाकडे बघत बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो पुसतही नव्हता. तुम्ही मला कोपराने ढोसलंत. "या पोऱ्याले इचारा, काय व्हयनं."

मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, काल वडील गेले. गाव दक्षिणेत, मुंबईला उतरून दुसरं विमान, मग पुढे चार तास गाडी. घरचे त्याच्यासाठी थांबलेत. आई कालपासून बर्फाच्या पेटीजवळून उठलेली नाही. सारखे फोन येत होते, कुठपर्यंत आलास, कधी पोचशील. आता विमानात फोन बंद आहे तर त्याला वाटत होतं, सगळे आपल्यावर रागावले असतील. हे सगळं त्याने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं.

मी तुम्हाला अहिराणीत सांगितलं. तुम्ही खाली वाकून पिशवीतून दशम्यांचा डबा काढलात, एक दशमी मोडून त्याच्या हातात दिलीत आणि त्याच्याशी बोलायला लागलात. त्याला अहिराणीतलं अक्षर कळत नव्हतं. तुम्हाला त्याची पर्वा नव्हती. त्याच्या वडलांचं वय काय, शेती होती का, आई धट्टीकट्टी आहे का, असं विचारत होतात आणि तो मान हलवत होता. अर्धी दशमी त्याने खाल्ली. खाताना परत त्याची नजर पडद्यावर गेली. निम्मी वाटही सरली नव्हती. तुम्ही हात लांब करून तो पडदा बंद करायला गेलात, तो होईना, म्हणून मला सांगितलंत. मी बंद केला. "दखू नको तिकडे," तुम्ही त्याला म्हणालात, "दखीसन ते लवकर येवाव नही." हे मात्र त्याला कळलं असावं, कारण त्याने खुर्चीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. त्याचा हात तुम्ही मुंबई येईपर्यंत धरून ठेवला होता. तुमचा हात आखडला होता, ते मला उतरताना दिसलं.

मुंबईला दार उघडल्याबरोबर तो सगळ्यांच्या आधी उठला. वाकून तुमच्या पायाला हात लावला आणि धावत गेला. तुम्ही तिथेच उभ्या. मागची माणसं खोळंबली तरी तुम्ही हलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने नंदुरबारला येताना, नवापूरच्या आसपास, तुम्ही एकदम म्हणालात, "मन्हं काही व्हयनं ते नरेशले असा इमानमा बसाडू नका."

मी म्हटलं, भलतंच काय बोलता.

"भलतं नही. तेरा तास पोऱ्या एकला बसी, आनि आठे सगळा वाट दखतीन, आनि तो तो आकडा दखत ऱ्हाई. माले नही चालाव. मंग आरामशीर येवाले सांगा. वैशालीले, ओवीले लईसन. पोर सोबत व्हई ते रडाले टाईम कोठे? आठ दिन उशीर व्हयना ते मी काय कोठे जाई ऱ्हायनी का?"

मी भांडले. मी म्हटलं, मुलाने आईचं तोंड शेवटचं बघायलाच हवं. नाही बघितलं तर त्याला जन्मभर चुटपुट लागेल. तुम्ही म्हणालात, "मन्हं तोंड तो रोज फोनमा दखस." मी म्हटलं, फोनमधलं वेगळं. "तेच तोंड शे," तुम्ही म्हणालात. मी आणखी काही बोलणार, तर स्टेशन आलं आणि फलाटावर दादा उभे दिसले. तुम्ही खिडकीतूनच ओवीच्या बोटांची लांबी त्यांना हाताने दाखवायला लागलात. तो वाद तिथेच राहिला. पुन्हा कधी निघाला नाही, आणि मला वाटलं तुम्ही विसरलात. मी तर विसरलेच होते.

त्यानंतरची तीन वर्षं मजेत गेली, हे तुम्हालाही कबूल असेल. तुम्ही माझ्याकडे रनाळ्याला मुक्कामाला यायच्या, हे रनाळ्यात कुणी बघितलं नव्हतं, मुलाच्या आईने सुनेच्या माहेरी चार-चार दिवस राहायचं. सारंगखेड्याला यात्रा भरली की मी तुमच्याकडे. दादा घोडे बघायला जायचे आणि आपण दोघी जिलेबी खात, तिकडे ओवी किती वाजता उठली असेल याचा हिशेब करायचो. त्यातही तुम्ही तास वाढवायच्या.

त्या दिवशी सकाळी संगीताचा फोन आला. तुमची थोरली लेक कधी रडत नाही, फोनवरही रडली नाही. म्हणाली, आई चहा पिऊन ओट्यावर बसली होती, बसल्या बसल्या गेली. मी आणि आमचे हे दोंडाईच्यावरून तुमच्या दारात पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. मी आत जाऊन तुमच्याजवळ बसले. चेहरा नेहमीचा होता. आता काहीतरी टोला मारणार, असा.

बाहेर सगळी पुरुषमाणसं एकच गोष्ट मोजत होती. नरेशने फोनवर सांगितलं होतं, मी निघतो, थांबा. तुमचे थोरले चुलतदीर, आबा, म्हणत होते, "इमानले बारा तास लागतस. सकायलगून येई पोऱ्या." दुसरं कुणी म्हणालं, तेरा. कुणी मोबाइल काढून बघत होतं. कुणी शहाद्याहून बर्फाची पेटी मागवायला माणूस पाठवत होतं. मी आतून ऐकत होते. आणि मला नवापूर आठवलं.

इहीनबाई, ते सांगायला उठणं सोपं नव्हतं. मी मुलीची आई. तुमच्या घरातल्या अशा कामात मी तोंड उघडायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय तुम्ही जे सांगितलं होतं ते मला स्वतःला पटलेलं नव्हतं. गप्प बसले असते तर माझ्याच मनासारखं झालं असतं, आणि कुणाला काही कळलंही नसतं. मी तुमच्याकडे बघितलं. मग उठून दारात गेले.

पहिल्यांदा मी आबांना म्हटलं, बारा तास नाही. वैशालीने फोनवर सांगितलंय, आज विमान नाही, उद्याचं भरलेलं आहे, मग मुंबई, मग इथवरचा रस्ता. दारात पोचायला तीन दिवस लागतील. होय, तुमचंच गणित सांगितलं, सगळ्या भाऊबंदांसमोर. फुगून जाऊ नका, वेळच तशी होती. मग बाकीचं सांगितलं. तो मुलगा, तो पडदा, आणि तुमचे शब्द, जसेच्या तसे अहिराणीत.

आबा म्हणाले, "इहीनबाई, हाई तुम्ही सांगी ऱ्हायन्यात. तिनी दुसरं कोनले सांगेल शे का?" यात माझ्या शब्दावरचा संशय होता, ते सगळ्यांना कळलं. तेव्हा दादा बोलले. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. "माले तिनी इमानमा काय खादं ते बी सांगं. हाई बी सांगं व्हई. मन्हंच ध्यान नसई." मग म्हणाले, "ती बोलस तशीच शे हाई. थांबानं नही. आग संगीता देई."

नरेशला फोन मी केला. तो माझ्यावर पहिल्यांदा आणि आतापर्यंत एकदाच चिडला. "मामी, माझ्या आईचं तुम्ही ठरवणार?" असं म्हणाला आणि फोन ठेवला. मी ओट्यावर फोन हातात घेऊन बसले. कुणी माझ्याजवळ आलं नाही. पुष्कळ वेळाने त्याचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"तो विमानातला मुलगा केवढा होता?"

"तुमच्याएवढाच."

मग म्हणाला, "संगीताताईला द्या." तो बहिणीशी काय बोलला ते मला माहीत नाही. ती नुसती "हा, भाऊ, हा" म्हणत होती. संध्याकाळच्या आत तुम्हाला तापीवर नेलं. संगीता पुढे होती. नदीला पाणी भरपूर होतं.

दहाव्याच्या दोन दिवस आधी तिघं आले. ओवी अंगणात उतरली ती आधी कोंबडीच्या मागे पळाली. सगळी मंडळी रडायला तयार बसली होती, आणि कोंबडी, ओवी आणि तिच्या मागे वैशाली अशी घरातून दोन चकरा होईपर्यंत कुणाला रडता आलं नाही. तुमच्या गावातल्या बायका पदराआड हसत होत्या. तुम्ही हे बघायला हव्या होतात.

संध्याकाळी नरेश माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मामी, विमानात ओवीने माझ्या शर्टवर ओकारी केली, शेजारच्या आजींच्या मांडीवर रस सांडला, आणि मग बारा-तेरा तास मी तिच्या मागे त्या अरुंद वाटेतून पळत होतो. एकदा तर ती कर्मचाऱ्यांच्या पडद्याआड जाऊन लपली. मला रडायचं होतं, पण वेळच मिळाला नाही. मुंबईला टॅक्सीत बसलो, ती झोपली, तेव्हा रडलो."

मी म्हटलं, आईने सांगितलंच होतं तसं.

"पण मला अजून वाटतं, थांबायला हवं होतं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "राग गेलेला नाही माझा. तुमच्यावरचा नाही. असाच."

"मलाही तसंच वाटत होतं. मी त्यांच्याशी रेल्वेत भांडले होते."

त्याने मान वर केली. "तुम्ही माझ्या बाजूने होता?"

"तुमच्याच."

"म्हणजे आपण दोघं एका बाजूला, आई एकटी एका बाजूला, आणि तरी जिंकली तीच." असं म्हणून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मीही. दादांनी ओट्यावरून विचारलं, काय व्हयनं, तर आम्हाला दोघांना सांगता येईना.

तुमच्या बाजूने बोलायला मी उभी राहिले, याचा मला आनंद आहे. तुमचं बरोबर होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर आणखी दहा वर्षं यावर भांडलो असतो आणि मला ते आवडलं असतं. लग्नात नाती जुळतात ती मुलांची. मला त्यात या वयाला मैत्रीण मिळाली, ती पदरात काही न मागता पडली. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही माझी नक्कल करून अख्ख्या सारंगखेड्याला दाखवली असती.

आता ताजी बातमी. मागच्या रविवारी दादा मोटारसायकलवर रनाळ्याला आले. नरेश इतकी वर्षं बोलावत होता तरी ते कधी गेले नाहीत, "पपईले पानी कोन देई?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. आत फोटो होते. टोपी काढलेली, केस पाणी लावून बसवलेले, डोळे वटारलेले. "हाऊ फोटू चालई का पासपोर्टले?"

मी म्हटलं, चालेल, पण पपईचं काय? "संगीताना घरवाला दखी," ते म्हणाले. आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता नंदुरबारला गेले आणि स्वतःचे फोटो काढून आले. आता थंडी सरली की आम्ही तिघं जाणार. खिडकीजवळ कोण बसणार, यावरून दोघा व्याह्यांचे रोज फोन चालू आहेत. आमचे हे म्हणतात, मी वयाने मोठा. दादा म्हणतात, मी मुलाचा बाप. मी मध्ये पडलेली नाही.

त्या रविवारी निघताना दादांनी मोटारसायकल अंगणाबाहेर नेली, आणि मी फाटकाशी उभी असताना, मागे वळून न बघता विचारलं, "तठे ती कोनती खोलीमा झोपे?"

मी सांगितलं, नरेशच्या घरातल्या मागच्या खोलीत. सकाळी ऊन येतं तिच्यात, आणि बाहेर लिंबोणीचं झाड आहे.

त्यांनी मान हलवली, गाडीला किक मारली आणि म्हणाले, "मंग मन्ही खाट तठेच टाका."